पुस्तकं बुडाली हे माहीत आहे. माणसं कोण बुडाली?



१९१७ सालचा तो प्रसंग आपल्यापैकी बहुतेकांना तोंडपाठ आहे. पहिलं महायुद्ध पेटलेलं होतं. शिष्यवृत्तीची मुदत संपली म्हणून बाबासाहेब लंडनचं शिक्षण अर्धवट टाकून परत निघाले. स्वतः एका बोटीनं आले, पुस्तकांचं सामान दुसऱ्या बोटीनं पाठवलं. ती दुसरी बोट जर्मन पाणबुडीनं टॉर्पेडो मारून बुडवली. पोटाला चिमटा घेऊन जमवलेली पुस्तकं समुद्राच्या तळाशी गेली. मी स्वतः हा प्रसंग व्याख्यानांत पन्नासेक वेळा तरी सांगितला असेल. सांगताना आवाज जड होतो, सभागृह हळहळतं, आणि मग मी पुढच्या मुद्द्याकडे वळतो.

काही वर्षांपूर्वी संविधान दिनाच्या निमित्तानं वसईच्या पाचूबंदरला एका घराच्या पडवीत मच्छीमारांच्या पोरांसमोर बोलत होतो. बाहेर बांबूंवर बोंबील वाळत घातलेले, जेट्टीवर होड्यांची इंजिनं धडधडत होती. मी नेहमीप्रमाणे पुस्तकं बुडवली. एक मुलगी उठली. बी.ए.ला होती, तिचा भाऊ तेलाच्या जहाजावर नोकरीला होता. तिनं साधा प्रश्न विचारला, "सर, त्या बोटीवर माणसं नव्हती का?"

मी म्हटलं, "होती ना, असणारच."

"मग ती कोण होती?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. इतकी वर्षं मी पुस्तकांसाठी हळहळलो. भट्टीत कोळसा टाकणारा, डेक धुणारा, संडास साफ करणारा माणूस कोण होता, हे मला एकदाही विचारावंसं वाटलं नाही. लाज याची वाटली की माझ्या स्वतःच्या घरातला एक माणूस अशाच बोटीवरून गेला आणि परत आला नाही. दोन गोष्टी एकाच डोक्यात होत्या, पण त्या मी कधी जोडल्याच नव्हत्या.

बोटीवरचा दादा

माझ्या आजीचा थोरला भाऊ. आजी रत्नागिरीकडची. लग्न होऊन वसईला आली, आजोबा मिठागरावर कामाला होते. आमच्या घरात त्या माणसाला एकच नाव होतं, 'बोटीवरचा दादा'. आजी तेव्हा दहा-बारा वर्षांची. दुसरं महायुद्ध चालू होतं. दादा मुंबईहून बोटीवर चढला, दोन-तीन मनिऑर्डरी आल्या, मग बंद झाल्या. आजीचे वडील मुंबईला चौकशीला गेले. कंपनीच्या बाबूनं कागद मागितले. कागद कुठले? आठ दिवसांनी म्हातारा परत आला तो ओटीवर बसला आणि कुणाशी बोलला नाही. घरात रडारड झाली की नाही हे आजीला आठवत नव्हतं. तिला आठवत होतं ते एवढंच, की त्या वर्षी घरावर पेंढा टाकायला पैसे नव्हते.

तो बोटीवर काय काम करत होता? आजी सांगायची, "टोपास." लहानपणी मला वाटायचं, टोपी घालत असेल म्हणून टोपास. फार उशिरा कळलं की टोपास म्हणजे बोटीवरचा झाडूवाला, संडास-मोरी धुणारा.

इथं जरा थांबू या, कारण आपल्या कामाचा मुद्दा इथंच आहे. ब्रिटिश बोटींवरच्या हिंदी खलाशांची एक उतरंड होती. वर सारंग, त्याखाली तांडेल, सुकाणी, मग खलाशी. इंजिनात आगवाले आणि कोयलावाले. स्वयंपाकाला भंडारी. आणि सगळ्यात खाली टोपास. माणसं घ्यायची ती मुलूख आणि जात-धर्म बघून. डेकवर कोकणातले मुसलमान खलाशी भरपूर, इंजिनात पंजाब आणि सिल्हेटकडचे, साहेबांच्या जेवणघरात गोव्याचे ख्रिस्ती. टोपासाची जागा बहुधा आपल्यासारख्यांसाठी ठेवलेली. म्हणजे गावकुसाबाहेरचं घर सोडून माणूस समुद्रात हजार मैल गेला, तरी झाडू त्याच्या आधीच तिथं जाऊन बसलेला होता. समुद्र ओलांडला की जात जाते असं धर्मशास्त्र म्हणतं. आमच्या दादाची गेली नाही.

एकदा तो सुट्टीवर आला होता. पत्र्याची पेटी, एक वासाचा साबण आणि बहिणीसाठी रिबीन घेऊन. तेव्हा त्यानं सांगितलेलं आजीनं जपून ठेवलं होतं. बोटीवर शिवाशिव नाही म्हणतात, पण माझ्या हातचं पाणी कोण घेत नाही. मात्र लंडनच्या गोदीजवळ एका हॉटेलात गोऱ्या बाईनं त्याला चहा दिला. कपातून दिला. आणि पिऊन झाल्यावर कप विसळून ठेव म्हणाली नाही. हे सांगताना तो हसत होता म्हणे. बापानं "आता परत जाऊ नको, लढाई आहे" म्हटलं, तरी तो गेला. पगारासाठी गेला हे खरंच. पण त्या कपासाठीही गेला असेल, असं मला वाटतं.

पगार, संप आणि चांदी

हे खलाशी किती होते? दुसरं महायुद्ध सुरू झालं तेव्हा ब्रिटिश व्यापारी जहाजांवरचा साधारण दर चौथा माणूस हिंदी होता. इंग्रज त्यांना 'लस्कर' म्हणत. पगार गोऱ्या खलाशाच्या तिसऱ्या ते पाचव्या हिश्शाइतका. टॉर्पेडो मात्र दोघांना सारखाच लागतो. त्या युद्धात सहा हजारांहून जास्त हिंदी खलाशी मेले. हे सैनिक नव्हते, त्यांच्या हातात बंदूक नव्हती. धान्य, कोळसा, तेल, माणसं इकडून तिकडं नेणारे हे कामगार होते.

आणि ही माणसं मुकाट्यानं मेली असं कुणी समजू नये. सप्टेंबर १९३९ मध्ये युद्ध जाहीर होताच ब्रिटनच्या बंदरांत हिंदी खलाशांनी बोटीवर चढायला नकार दिला. पगारवाढ द्या, युद्धाचा भत्ता द्या, मगच बोट हलेल. शेकडो जणांना तुरुंगात टाकलं. तरीही पगारवाढ पदरात पाडूनच ते हलले. मुंबईत ७ नोव्हेंबर १९३८ रोजी स्वतंत्र मजूर पक्षानं कामगारांचा संपाचा हक्क वाचवण्यासाठी संप केला, त्याला तेव्हा एकच वर्ष होत होतं. गिरणीतला आणि बोटीवरचा कामगार एकमेकांना ओळखत नसले तरी दोघांचं भांडण एकच होतं.

आता 'तिलावा'ची गोष्ट सांगतो. एस. एस. तिलावा ही प्रवासी बोट २० नोव्हेंबर १९४२ला मुंबईहून आफ्रिकेला निघाली. बोटीवर ९५८ जण. त्यांतले दोनशेहून अधिक बोटीचे कामगार. २३ नोव्हेंबरच्या पहाटे जपानी पाणबुडीनं तिला टॉर्पेडो मारला. लोक होड्यांत उतरले. बोट लगेच बुडत नाही हे बघून काही जण परत चढले, आणि मग दुसरा टॉर्पेडो आला. २८० जण गेले. उरलेल्यांना बहुतांशी 'बर्मिंगहॅम' या ब्रिटिश युद्धनौकेनं उचलून मुंबईला आणलं. ही बोट आपल्याच बंदरातून निघाली होती, तरी आपल्या शाळेच्या पुस्तकांत ती नाही. टायटॅनिक मात्र आपल्या पोरांना पाठ आहे.

तिलावावर चांदी होती. २,३६४ लगडी, दक्षिण आफ्रिकेच्या सरकारसाठी निघालेल्या. ७५ वर्षांनी, २०१७ मध्ये, एका ब्रिटिश कंपनीनं सुमारे अडीच किलोमीटर खोल समुद्रातून ती चांदी वर काढली. मग चांदी कुणाची यावर खटला झाला आणि तो ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. २०२४ मध्ये निकाल लागला.

विचार करा. चांदीची लगड न् लगड मोजलेली होती. कुठून निघाली, कुणाच्या नावावर, किती वजनाची, सगळं कागदावर. म्हणून ७५ वर्षांनीही तिचा मालक कोर्टात उभा राहू शकला. बाबासाहेबांच्या सामानाचीही नोंद होती, म्हणून त्याची भरपाई मिळाली. नोंद असेल त्याला वारस असतो. आमच्या म्हाताऱ्याकडे मात्र बाबूनं मागितलेला कागद नव्हता.

नाव दगडावर लागतं तेव्हा

नावाची किंमत आपल्याला कुणी शिकवायची गरज नाही. भीमा कोरेगावचा विजयस्तंभ ईस्ट इंडिया कंपनीनं स्वतःच्या विजयासाठी उभारला. आपल्याला मोठं करायला नव्हे. पण त्या दगडावर मेलेल्यांची नावं कोरली गेली, आणि त्यांतल्या २२ नावांच्या शेवटी 'नाक' आहे. एवढंच पुरलं. १ जानेवारी १९२७ला बाबासाहेब तिथं गेले, आणि आज लाखो लोक जातात. महारांनी तलवार धरलीच नव्हती म्हणणाऱ्यांच्या तोंडावर आपण तो दगड दाखवतो. समजा कंपनीनं फक्त 'काही शिपाई' एवढंच कोरलं असतं, तर? आज आपण काय दाखवलं असतं?

बुडालेल्या खलाशाला थडगं नाही, चौथरा नाही. पण दगड अगदीच नाही असंही नाही. मुंबईत मस्जिद बंदरला इंडियन सेलर्स होम आहे. तिथं पहिल्या महायुद्धात समुद्रात गेलेल्या दोन हजारांहून अधिक हिंदी नाविक-खलाशांची नावं आहेत. दुसऱ्या महायुद्धातल्या सहा हजारांहून जास्त जणांची नोंदवही आहे. तिची एक प्रत मुंबईला, एक चितगावला. लंडनमध्ये टॉवर हिलला व्यापारी खलाशांचं भव्य स्मारक आहे, भर रस्त्यालगत, बागेत, हजारो नावं कोरलेलं. आपल्या लोकांची नावं मस्जिद बंदरच्या इमारतीत. शेजारून रोज लाखो लोक लोकलनं जातात. किती जणांना माहीत आहे? मलाही पाचूबंदरच्या त्या मुलीनं विचारल्यावरच शोधावंसं वाटलं.

२०२१ मध्ये या स्मारकांचं काम बघणाऱ्या राष्ट्रकुल युद्धस्मारक आयोगानं स्वतःच एक अहवाल काढला. पहिल्या महायुद्धात मेलेल्या आशियाई आणि आफ्रिकी लोकांपैकी ४५,००० ते ५४,००० जणांचं स्मरण गोऱ्यांच्या बरोबरीनं झालं नाही, आणि आणखी किमान १,१६,००० जणांचं नावानं किंवा मुळीच झालं नाही. हा आकडा ३,५०,००० पर्यंतही असू शकतो. ब्रिटिश सरकारनं संसदेत माफी मागितली. म्हणजे मेल्यावरही रांग होती, आणि त्या रांगेतही आपले लोक मागे होते.

दादाचं नाव

मग मी दादाला शोधायला बसलो. त्या आयोगाची यादी संकेतस्थळावर आहे. नाव, हुद्दा, बोट, तारीख, कुठं कुठं बापाचं नाव आणि गाव. हुद्द्याच्या रकान्यात आगवाले, सारंग, भंडारी आणि टोपास.

शोधायला नाव लागतं, आणि तिथंच मी अडकलो.

दादाचं घरचं नाव आजीला माहीत होतं. ते नाव गावानं ठेवलेलं होतं. आपल्या आज्या-पणज्यांची नावं आठवा. दगड, धोंडा, कचरा. चांगलं नाव ठेवायची आपल्याला मुभा नव्हती. ते नाव मी इथं लिहीत नाही. कारण दादानंही ते लिहू दिलं नव्हतं. सुट्टीवर आला तेव्हा तो बहिणीला म्हणाला होता, "बोटीवर मी नाव बदललंय. चांगलं नाव घातलंय." बहिणीनं विचारलं, कोणतं? तो म्हणाला, "पुढच्या टायमाला सांगेन."

पुढची वेळ आली नाही.

म्हणजे एका माणसानं आयुष्यात एकदाच स्वतःचं नाव स्वतः ठेवलं. ते नाव कदाचित त्या यादीत असेल, आणि आम्ही त्याचे रक्ताचे लोक ते वाचून पुढे जात असू. मी रात्र-रात्र बसून कोकणातल्या गावांची नावं असलेल्या नोंदी वाचल्या. दहा-बारा ठिकाणी वाटलं, हाच. एकही सिद्ध करता येत नाही. शेवटी मी तपास सोडला, पण वाचणं सोडलं नाही. आता मी ती नावं शोधण्यासाठी वाचत नाही, नुसती वाचतो. ती कुणीतरी वाचायला हवीत.

दोन आक्षेप

हे सगळं मी एका बैठकीत मांडलं तेव्हा दोन आक्षेप आले. दोन्ही आपल्याच कार्यकर्त्यांचे, म्हणून उत्तर देतो.

पहिला: हे लोक इंग्रजांची चाकरी करत मेले, साम्राज्याच्या युद्धात. त्यांना आपण कशाला आठवायचं? मित्रांनो, हाच आक्षेप कोरेगावबद्दल आपल्यावर शंभर वेळा घेतला जातो, आणि आपण उत्तर देतो की ज्या व्यवस्थेनं माणूस मानलं नाही तिच्या बाहेर पडायला जी वाट मिळाली ती आमच्या पूर्वजांनी धरली. हे उत्तर शिपायाला लागू आणि टोपासाला नाही, असं कसं? शिपाई शूर होता म्हणून आठवायचा आणि संडास धुणारा नुसताच मेला म्हणून विसरायचा, तर आपणही उतरंडच मानतो. आठवण म्हणजे साम्राज्याचं कौतुक नाही. आठवण म्हणजे हिशेब मागणं.

आपल्या देशाचा हिशेबही बघा. दर वर्षी ५ एप्रिलला राष्ट्रीय सागरी दिन असतो. कशासाठी? १९१९ मध्ये 'लॉयल्टी' ही हिंदी मालकीची बोट मुंबईहून लंडनला निघाली म्हणून. मालक हिंदी झाला, त्याचा दिवस. माझा त्याला विरोध नाही. पण मालकाच्या बोटीचा दिवस होतो, तर बोटीवर मेलेल्या मजुराचाही एक तास होऊ द्या.

दुसरा आक्षेप जास्त अवघड होता. आपण बौद्ध. १९५६च्या प्रतिज्ञांत श्राद्ध आणि पिंडदान सोडलं. मग मेलेल्यांची आठवण काढत बसणं ही अंधश्रद्धा नाही का?

याचं उत्तर मला आजीनं दिलं, आणि तेही पाचूबंदरला. सुकी मच्छी घ्यायला ती तिथं जायची. तिथं तिची एक मैत्रीण होती, ख्रिस्ती कोळीण. तिचा नवरा वादळात होडीसकट गेलेला. अंग मिळालंच नाही. २ नोव्हेंबरला वसईतले ख्रिस्ती लोक कबरी साफ करतात, फुलं वाहतात, मेणबत्त्या लावतात. या बाईला कबर नाही, म्हणून ती किनाऱ्यावर वाळूत मेणबत्ती लावायची. एका वर्षी आजी बरोबर होती, मीही होतो, सात-आठ वर्षांचा. बाईनं विचारलं, "तुझा कोण गेलाय का पान्यात?" आजीनं दादाचं सांगितलं. बाईनं पिशवीतून दुसरी मेणबत्ती काढली. "नाव काय त्याचं?"

आजी गप्प राहिली. मग म्हणाली, "त्याला आवडायचं त्ये नाव मला ठावं न्हाई."

बाई म्हणाली, "ऱ्हाऊदे. भाऊ म्हणून लावते."

वाऱ्यानं ती मेणबत्ती दोनदा विझली. तिसऱ्यांदा पदर आडवा धरून लावली. घरी येताना मी आजीला विचारलं, आपण तर बौद्ध ना? ती म्हणाली, "मी काय त्याला जेवाय घातलं का? त्यो व्हता, येवढंच सांगितलं."

प्रतिज्ञेनं आपण भटाच्या हातून मेलेल्याच्या पोटात भात घालणं सोडलं. तो माणूस होता, त्याच्याशी असं-असं वागलं गेलं, हे सांगणं सोडलेलं नाही. उलट तेच आपलं काम आहे.

आता आपण काय करायचं

हळहळ पुष्कळ झाली. चार कामं सांगतो.

एक, घरातल्या म्हाताऱ्या माणसांना बसवून विचारा. बोटीवर, गोदीत, पलटणीत, रेल्वेत कोण होतं? घरचं नाव काय, कागदावरचं नाव काय, दोन्ही लिहा. मी वाया घालवलेली वर्षं तुम्ही घालवू नका. आजी होती तेव्हा मी वही काढली नाही.

दोन, मस्जिद बंदरला जा. चैत्यभूमीला, राजगृहाला मुलांना नेतो, तसं तिथंही न्या. खलाशी मुसलमान होते, ख्रिस्ती होते, आपले होते. बहुजन हा शब्द आपण फार वापरतो. त्या यादीत तो नावानिशी दिसेल.

तीन, आज समुद्रावर जाणाऱ्या पोरांकडे लक्ष द्या. वसई-विरारपासून रत्नागिरीपर्यंत बोटीची नोकरी लावतो म्हणून लाखो रुपये उकळणारे दलाल आजही आहेत. पूर्वी भरतीच्या दलालाला लाच द्यावी लागायची, आता 'फी' द्यावी लागते. भरती करणाऱ्या कंपनीकडे नौवहन महासंचालनालयाचा आर. पी. एस. एल. परवाना आहे का ते तपासा. सी. डी. सी., इंडोस क्रमांक, करारपत्र, बोटीचं नाव या सगळ्याची एक प्रत घरी ठेवा. वारस म्हणून कुणाचं नाव लावलंय ते आईला माहीत असू द्या. लाल समुद्रात व्यापारी जहाजांवर क्षेपणास्त्रं पडली ती २०२३-२४ मध्ये, फार जुनी गोष्ट नाही. बाबूनं कागद मागितला तर यावेळी आपल्याकडे कागद असला पाहिजे.

चार, पुस्तकं बुडाल्याची गोष्ट सांगणं थांबवू नका. फक्त त्यात एक वाक्य वाढवा. त्या बोटीवर माणसंही होती.

त्या मुलीचा भाऊ मागच्या वर्षी सुखरूप घरी आला. पाचूबंदरला गेलो होतो तेव्हा भेटला. मी विचारलं, बोटीवर सफाईचं काम कोण करतं? तो म्हणाला, "आळीपाळीनं. सगळेच." मला फार बरं वाटलं. मग म्हणाला, "कागदावर तरी."

त्याला विचारून त्याचं पूर्ण नाव, बोटीचं नाव आणि क्रमांक मी माझ्या वहीत उतरवून घेतला. त्या वहीच्या पहिल्या ओळीत दादा आहे. गाव लिहिलंय, बापाचं नाव लिहिलंय, काम लिहिलंय. नावाची जागा कोरी ठेवली आहे. घरचं नाव तिथं लिहायला माझा हात गेला नाही.

जय भीम. जय संविधान.